कापड जुळलं का?

टेबलावर कापडाचे सात तुकडे होते, पांढऱ्यावर तांबडी बुट्टी. मी पुन्हा मोजले. सातच.

टेबलाखाली वाकून पाहिलं, पान्यांचा डबा उपडा केला, स्वतःचे खिसे चाचपले, तेलाच्या ट्रेमध्ये बोटं फिरवली. शेवटी कचऱ्याचं पिंप दारात ओतलं, तेव्हा शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "काय कुंदाताई, नथ पडली काय?" एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी त्याच्याकडे बघायलाही मला सवड नव्हती.

घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. परचुरेबाईंची गाडी गॅरेजातून निघून पाऊण तास झाला होता. गाडीत बाई होत्या आणि त्यांची ब्याऐंशी वर्षांची आई होती. निघाल्या होत्या पाचगणीला, म्हणजे वाई ओलांडली की पसरणीचा घाट. आठवा तुकडा त्या गाडीच्या इंजिनात राहिला असेल तर घाटात काय होऊ शकतं, हे त्या क्षणी साताऱ्यात दोनच माणसांना कळलं असतं. एक मी. दुसरे इलाही मिस्त्री, आणि ते आतल्या खोलीत जेवणाचा डबा उघडत बसले होते.

हे तुकड्यांचं प्रकरण आधी सांगायला हवं. मोटारीच्या इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला आम्ही हेड म्हणतो, ते उतरवलं की खाली सगळी तोंडं उघडी पडतात. सिलिंडरांची, तेलाच्या वाटांची, पाण्याच्या वाटांची, आणि पाइप काढले की रेडिएटरचीही. त्यात एखादा नट पडला, चिमूटभर वाळू गेली, तरी पुढे इंजिनाची वाट लागते. म्हणून काम चालू असताना त्या तोंडांत कापडाचे बोळे कोंबून ठेवतात. बाकीच्या गॅरेजांत त्यासाठी हाताला येईल ती चिंधी घेत. आमच्याकडे मिस्त्री स्वतः कात्री घेऊन एका जुन्या साडीच्या पदराचे आठ तुकडे करत. आठही एकाच पदराचे. काम संपलं की ते टेबलावर कडेला कड लावून मांडायचे. फुलाला फूल, काठाला काठ लागला पाहिजे. मिस्त्री असतील तिथून ओरडत, "कापड जुळलं का?" आणि "जुळलं" असं उत्तर आल्याशिवाय किल्लीला कुणी हात लावायचा नाही. आख्ख्या पोवई नाक्यावर यावरून आमची टिंगल चालायची. इलाही गॅरेज चालवतो की शिवणाचा क्लास, असं लोक विचारत.

साड्या हमीदाभाभींच्या. हमीदाभाभी म्हणजे मिस्त्रींची बायको. त्यांचा जीव मोठा, पण त्या साडी नीट तपासूनच द्यायच्या, कारण एकदा मिस्त्रींनी घाईत भाभींच्या चांगल्या साडीचा पदर कापला होता. निळी नायलॉनची, पिवळ्या फुलांची, भाभींच्या भावाने मुंबईहून पाठवलेली. भाभी आठ दिवस बोलल्या नाहीत म्हणे, आणि पुढची सहा वर्षं कुठलंही भांडण असो, ती साडी त्यात यायचीच. तेव्हापासून गॅरेजात फक्त सुती. मिस्त्री तसे हसरे, स्वतःवरचा विनोदही चवीने ऐकणारे, पण निळ्या साडीचा विषय निघाला की उठून बाहेर जात. बायकोला घाबरतात, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मिस्त्रींकडे कामाला लागून चौथं वर्ष चालू होतं. आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या वर्गात मी एकटी मुलगी. तो फॉर्म भरायला लावला परचुरेबाईंनी. त्या आम्हाला शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं, आईला सांभाळायच्या, आणि साताऱ्यात स्वतः गाडी चालवणाऱ्या ज्या दोन-चार बायका होत्या त्यांच्यातल्या एक. माझ्या वडिलांना त्या म्हणाल्या होत्या, "लोहाराच्या पोरीने लोखंडाला हात लावला तर बिघडलं कुठे?" वडिलांना उत्तर सुचलं नाही म्हणून मी मेकॅनिक झाले.

बाईंची गाडी पेट्रोलवर चालणारी, पांढरी, चार सिलिंडरची, अकराशे सीसीच्या आतबाहेरची. गुणाची गाडी, फक्त एक खोड. सपाटीला कधी तापायची नाही, चढाला हमखास तापायची. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचा पट्टा बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, बाईंकडून कशाचे पैसे घेतले नाहीत. गाडी पुन्हा चढाला तापायची. बाई सवयीने पाण्याचे दोन कॅन डिकीत ठेवायच्या. शेवटी त्या फेब्रुवारीत हेडखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा घट्ट राखणारा पातळ पत्रा, फुटलं. धुराड्यातून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि तेलाची पट्टी काढून पाहिली तर तेल दुधाच्या चहासारखं. बाई गॅरेजात आल्या आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "इंजिन कुंदा उघडेल. एकटी. तुम्ही फक्त बघा."

मिस्त्रींना तसंही फारसं बघता येत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन म्हटलं की त्यांना दुसरी कामं आठवायची. बोटांनी मात्र ते सगळं बघत.

मी चार दिवस राबले. हेड घासून सपाट केलं, नवं गॅस्केट बसवलं, दहा बोल्ट मधल्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत आवळले. रविवारी सकाळी बाई आणि आजी गाडी न्यायला आल्या. आजींची बहीण पाचगणीला अंथरुणाला खिळली होती, दोघींची बारा वर्षांत भेट नव्हती, आणि आजी दर पाच मिनिटांनी "झालं का गं?" विचारत होत्या. पोरीने इंजिन उघडलंय हे ऐकून नाक्यावरचे चार-पाच रिकामे लोकही दारात येऊन उभे राहिले होते. मी किल्लीकडे हात नेला आणि आतून मिस्त्री ओरडले, "कापड जुळलं का?"

चारचौघांत मला तो प्रश्न झोंबला. चार वर्षं झाली, अजून शिकाऊ समजतात, असं वाटलं. मी टेबलाकडे न बघता म्हणाले, "जुळलं."

इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. नाक्याला दोन चकरा मारल्या, तापमानाचा काटा मधोमध. बाईंनी माझी पाठ थोपटली. मी त्यांना बजावलं, आज चाळिसाच्या वर पळवू नका. त्या गेल्या, लोक पांगले, आणि मी मोठ्या रुबाबात टेबल आवरायला घेतलं.

आतल्या खोलीत गेले तेव्हा मिस्त्रींनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला होता.

"मिस्त्री, एक कमी हाय."

त्यांना 'काय' असं विचारावं लागलं नाही. "तू तर जुळलं म्हणालीस."

"न बघता म्हणाले."

मला वाटलं होतं ते शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. हातातली भाकरी त्यांनी तशीच डब्यात टाकली. इतकं भेदरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"स्कूटर काढ," ते म्हणाले. "हत्यारांची पिशवी घे. तू चालव, मला रस्ता दिसायचा नाही."

तेव्हा मोबाइल नव्हते आणि वाटेत फोन करावा असं बाईंच्या ओळखीचं कुणी नव्हतं. हायवेला लागले आणि स्कूटर जेवढी पळेल तेवढी पळवली. ट्रक अंगावरून जात होते. मिस्त्री माझ्या मागे पिशवी मांडीवर धरून बसले होते आणि वाऱ्यात ओरडून विचारत होते.

"इंजिन चारी सिलिंडरवर चालत हुतं?"

"हो. एकसारखं."

"मग सिलिंडरात न्हाई. हवेच्या तोंडातबी न्हाई. पाण्याच्या वाटा?"

"त्या मी फुंकून बघितल्या होत्या."

"तेलाच्या?"

इंजिनाच्या कुशीला पुशरॉडची, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्यांची, भोकं असतात, तिथून सरळ खाली तेलाच्या टाकीत वाट जाते. त्या भोकांवर मी दोन तुकडे लावले होते. एक काढल्याचं मला स्पष्ट आठवत होतं. दुसरा काढलेला डोळ्यांसमोर येत नव्हता.

"कुंदे, मी काय विचारतोय?"

"एक काढला. दुसऱ्याचं आठवत न्हाई, मिस्त्री."

पुढचं दोघांनाही कळत होतं. तुकडा खाली तेलात पडला असेल तर सपाटीला काही कळणार नाही. चढाला इंजिन जोर काढेल, पंप तेल ओढेल आणि तेलाबरोबर कापड येऊन जाळीवर बसेल. मग तेल वर चढणार नाही, बेअरिंगं कोरडी पडतील आणि इंजिन जागच्या जागी आवळेल. वळणावर, मागून एसटी येत असताना. बाईंचे हात पक्के होते, पण मागे घसरणारी गाडी ब्याऐंशी वर्षांच्या आईसकट आवरणं म्हणजे काय, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. ज्या बाईने मला मेकॅनिक केलं तिलाच मी घाटात पाठवलं होतं, आणि ते केवळ तोऱ्यापायी.

पाचवड फाट्याला वळलो. वाईत शिरलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. आजींना ढोल्या गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं हे मला माहीत होतं, म्हणून सरळ देवळापाशी गेले. माझा सगळा भरवसा त्या दर्शनावर होता. नदीघाटाच्या पायऱ्यांशी पांढरी गाडी नव्हती.

फुलवालीला विचारलं. "म्हातारीला हाताला धरून आणलेली बाई का? गेल्या की. पंधरा मिन्टं झाली असतील. म्हातारी लय घाई करत हुती."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी देवळाच्या दिशेने नुसती मान तुकवली आणि म्हणाले, "चल."

पसरणीचा घाट चढताना स्कूटर दोघांच्या वजनाने धापा टाकायला लागली. प्रत्येक वळणाला मी आधी कठड्याकडे बघत होते. कठडा धड असला की पुढच्या वळणापर्यंतचा श्वास मिळायचा. एका वळणावर रस्त्यात काळा ओला डाग दिसला आणि मी स्कूटर थांबवून खाली वाकले. बोटाला लावून वास घेतला. डिझेल. कुठल्यातरी ट्रकचं.

"चल गं," मिस्त्री म्हणाले. "हात नंतर पूस."

आणखी तीन वळणं गेली. चौथ्या वळणाच्या पुढे रस्ता जरा रुंद होतो तिथे कडेला पांढरी गाडी उभी होती. बॉनेट वर होतं. बॉनेटखालून वाफ येत होती.

मी स्कूटर स्टँडला लावली की नुसती सोडून दिली, मला आठवत नाही. बाई गाडीच्या मागच्या चाकाला दगड लावत होत्या. त्यांच्या अंगाला कुठे खरचटलंही नव्हतं. आजी मागच्या सीटवर दार उघडं टाकून बसल्या होत्या.

"तू इथे कशी?" बाईंनी विचारलं. "काटा वर जायला लागला म्हणून मी आपणहून थांबवली. नेहमीचंच."

"तेलाचा दिवा लागला होता का?"

"नाही. का गं?"

मी तेलाची पट्टी ओढली. तेल स्वच्छ, पातळी बरोबर. पण त्याने काही सिद्ध होत नव्हतं. मी बाईंपुढे उभी राहिले, आणि वाटेत ठरवलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"बाई, एक कापड कमी आहे. माझं. बहुतेक तुमच्या इंजिनात राहिलंय. मिस्त्रींनी विचारलं तेव्हा मी न बघताच जुळलं म्हणाले."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. वर्गात गृहपाठ न करता आलेल्या मुलीकडे त्या असंच बघायच्या. मला तिथेच रडू आलं, आणि ते लपवायला मी गाडीखाली शिरायची तयारी करू लागले. तेलाची टाकी उतरवायची, रस्त्यावरच, दुसरा इलाज नव्हता.

"कोण आलंय गं?" आजींनी विचारलं. "थांब, मला दिसत नाही." त्यांनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, घरातून चष्मा काढला आणि चष्म्याखालची घडी उलगडून काचा पुसायला लागल्या. पांढऱ्यावर तांबडी बुट्टी, कडेला तांबडा काठ.

मी बघतच राहिले. "आजी, हे कुठून आणलंत?"

"तुझ्याच दुकानातून. गाडीच्या चाकावरच्या पत्र्यावर पडलं होतं. स्वच्छ होतं आणि मऊ सूत आहे बघ, चष्म्याला चांगलं म्हणून ठेवलं. का? हवंय का तुला?"

मी रस्त्यातच मटकन बसले आणि हसायला लागले. हसणं थांबेना, डोळ्यांतून पाणीही थांबेना. बाईंनाही हसू आलं. तासभर छातीवर धरलेला दगड त्या म्हातारीने चष्मा पुसायला घेतला होता.

मिस्त्री मात्र हसले नाहीत. ते इंजिनावर वाकून उभे होते.

"मग तापली कशानं?" ते म्हणाले.

नवं गॅस्केट, नवा पट्टा, पाणी भरपूर, तरी चढाला गाडी तापली होती. मिस्त्रींनी इंजिन निवू दिलं. अर्धा तास ते कठड्यावर बसून होते. मग उठले आणि बाईंना म्हणाले, "चालू करा. मी सांगीन तवा ॲक्सिलेटर दाबा."

इंजिन चालू झालं. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि रेडिएटरच्या खालच्या बाजूने निघणारा जाड रबरी पाइप मुठीत धरला.

"दाबा."

इंजिन घोंघावलं. मिस्त्रींनी माझा हात ओढून पाइपावर ठेवला. एरवी टणक असणारा पाइप माझ्या बोटांखाली चपटा होत होता. "सोडा," ते म्हणाले, आणि पाइप पुन्हा फुगला.

"काय कळलं?" त्यांनी मला विचारलं.

"इंजिन पाणी ओढतंय, पण रेडिएटरातून यायला वाट न्हाई. जोरात ओढलं की तोंड बंद होतंय. हळू झालं की मोकळं."

"तोंडावर काय हाय?"

"काहीतरी मऊ. हलणारं."

"काढ," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की बाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

मी क्लिप सैल केली, पाइप काढला, पाणी रस्त्यावर वाहून गेलं. तारेचा आकडा वाकवून रेडिएटरच्या खालच्या तोंडात घातला. दोनदा रिकामा आला. तिसऱ्यांदा काहीतरी अडकलं. हळूहळू ओढलं. गंजाच्या चिखलाने माखलेला, हातरुमालाएवढा बोळा बाहेर आला. बाईंनी कॅनमधलं थोडं पाणी त्यावर ओतलं.

निळं नायलॉन. वर एक पिवळं फूल, अर्धं कापलेलं.

ती साडी मी कधी पाहिली नव्हती, पण तिचं वर्णन मला तोंडपाठ होतं. मिस्त्रींना मी सांगायला गेले नाही. त्यांनी हात पुढे केला, कापड दोन बोटांत चोळलं आणि ते गाडीच्या मडगार्डला टेकले.

"काय निघालं?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींच्या गॅरेजची साताऱ्यात एक ख्याती होती. इलाहीच्या हातून गेलेल्या गाडीत चिंधी राहत नाही. त्या ख्यातीवर चार घरं जेवत होती, त्यात माझंही एक.

"कापड," मी म्हणाले. "माझंच आहे, बाई. हेच राहिलं होतं."

बाईंनी आजींच्या मांडीवरचा तुकडा उचलला. "तुझे आठ होते ना? सात टेबलावर. हा आठवा आईकडे. मग हा नववा कुठून आला?" त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघत राहिल्या. "गणितात तू कधी चुकायची नाहीस, कुंदा."

"माझं हाय, बाई," मिस्त्री म्हणाले. "सा वर्सांमागचं. ती खोटं बोलतीया."

वरून एक एसटी उतरली, हॉर्न देऊन गेली. आजींना या सगळ्यातलं काय कळलं होतं कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "सापडलं ना? मग चला की. माझी बहीण वाट बघत असेल."

"म्हणजे सहा वर्षं मी गाडीला उगाच शिव्या दिल्या," बाई म्हणाल्या. मग त्या मिस्त्रींजवळ गेल्या. "मिस्त्री, रागवायचं ते मी परत आल्यावर रागवेन. आत्ता आईला पोचवायचंय. पाणी भरा."

मी पाइप जोडला, दोन्ही कॅन ओतले. गाडी चालू झाली आणि घाट चढायला लागली. आम्ही वळणावर उभे राहून बघत होतो. मिस्त्रींना गाडी दिसत नव्हती, ते आवाज ऐकत होते. आवाज कुठेही अडखळला नाही. तो पार वर जाऊन ऐकू येईनासा झाला तरी ते हलले नाहीत.

गॅरेजात पोचलो तेव्हा पाच वाजले होते. मिस्त्री स्टुलावर चढले, फळीवरच्या जुन्या कार्बोरेटरांच्या मागून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. डबा वापरातला दिसत होता. झाकणावर धूळ नव्हती.

आत निळ्या नायलॉनचे सात तुकडे होते, धुऊन घडी केलेले.

"ईद चार दिवसांवर हुती," ते म्हणाले. "तीन गाड्या उघड्या हुत्या एकदम. घाईत हिची साडी कापली ती त्याच दिवशी. सांजच्याला बघतो तर सात. तवा जुळवायची रीत नव्हती. तिन्ही गाड्या गेल्या हुत्या."

"मग?"

"मग काय. पडलं असंल कुठंतरी, म्हणालो. कुणाकडं गेलो न्हाई. गेलो असतो तर नाक्यावर तोंड दाखवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवसापासनं जुळवायला लागलो." त्यांनी डोळे पुसले. "त्यातल्या दोन गाड्या विकल्या गेल्या. कुठं गेल्या ठाऊक न्हाई. घाटात अपघात झाला की पेपरात आधी गाडीचा नंबर शोधायचो. दिसंनासं झालं तवा हिच्याकडनं वाचून घ्यायला लागलो. तिला वाटतं मला पेपराचा नाद हाय."

"पण बाईंची गाडी दर वेळी तापून यायची, मिस्त्री. तुम्ही सगळं बदललं. रेडिएटर का नाही उतरवला?"

"भीत हुतो. निघालं तर बाईंला काय सांगू? आणि न्हाई निघालं, तर ते त्या दुसऱ्या दोघांतल्या एकात हाय."

त्या दिवशी मी न बघता एक शब्द बोलले होते आणि तासाभरात माझं निम्मं रक्त आटलं होतं. हा माणूस सहा वर्षं तसाच जगला होता, आणि आम्ही त्याला बायकोच्या साडीवरून चिडवत होतो. मला माझी लाज वाटली आणि त्यांचा रागही आला. दोन्ही एकदम.

ते सातही तुकडे त्यांनी टेबलावर मांडले, बोटांनी कडा चाचपत, काठाला काठ लावत. मधे एक चौकोन रिकामा राहिला. खिशातून ओला तुकडा काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि शेजारी कात्री ठेवली. तोवर त्या कात्रीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला नव्हता. तिची मूठ माझ्याकडे होती.

"उद्यापासनं तू कापायचं," ते म्हणाले. "बुधवारी मी डोळं दाखवायला जातो."

मी तुकडा पसरून मधल्या जागेत ठेवला. मिस्त्री खुर्चीवर टेकले आणि भिंतीकडे बघत, रोजच्यासारखं ओरडून नव्हे, हळूच त्यांनी विचारलं, "कापड जुळलं का?"

मी वाकले. एकेक कड पाहिली. पिवळ्या फुलाचं अर्धं अंग दुसऱ्या अर्ध्याला लागलं होतं, काठाची रेघ कुठे तुटली नव्हती. चारी बाजूंनी बोट फिरवून पुन्हा एकदा पाहिलं.

"जुळलं, मिस्त्री," मी म्हणाले.